पिवळा ठिपका

कोल्हापूर,
मंगळवार, १२ फेब्रुवारी २००८

प्रिय शांभवी,

दरवेळी मी 'चि. शांभवीस अनेक आशीर्वाद' असं लिहून सुरुवात करतो. आज तसं लिहायला पेन उचललं आणि थांबलो. आशीर्वाद द्यायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं तो लिहू नये. एकच सांगणं आहे. हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच फोन करू नकोस. फोनवर मला बोलता येणार नाही, हे मी परवा अनुभवलं.

परवा रविवारी सकाळी तुझा फोन आला. शनिवारची रजा मंजूर झाली, पुण्याहून थेट कोडोलीला जाते, घरी नंतर येते म्हणालीस. तानाबाईच्या उत्तरकार्याला तिचा मुलगा पिराजी, त्याची भावकी, सगळं गाव जमलेलं असेल, त्यांच्यासमोर हात जोडायचे आहेत म्हणालीस. तानामावशी जिवंत होती तोवर तिनं मला माफी मागूच दिली नाही, आता तरी मागू दे, असंही म्हणालीस. मी 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला. गॅसवर दूध होतं. ते उतू जाऊन, जळून, वास सुटेपर्यंत मी फोनपाशीच बसून होतो.

रक्षाविसर्जनाला मी गेलो होतो. माणसं बरीच होती. पिराजीनं मला बसायला खुर्ची दिली. बाकी सगळे सतरंजीवर होते आणि मी एकटा खुर्चीवर. कार्य झाल्यावर त्याच्या बायकोनं मला आत बोलावलं आणि विचारलं, "मालक, ह्येचं काय करायचं?" तिच्या तळहातावर तानाबाईचा काचेचा डोळा होता. शेवटच्या दिवशी दवाखान्यात तो काढून दिला होता. तिनं तो कापसात गुंडाळून शिवणाच्या डब्यात ठेवला. तू दरवर्षी दिवाळीला येऊन तिला मिरजेला नेऊन तोच डोळा तपासून आणायचीस. ती तुझ्या खांद्यावर हात ठेवून एसटीतून उतरायची, हे मला लोकांकडून कळायचं. मी त्या गाडीत कधी बसलो नाही.

आता रेंजचं लिहितो. तू तेव्हा लहान होतीस, काही गोष्टी तुला माहीत नसतील.

त्र्याण्णव साली आपल्याकडून पंपाची ओतीव कास्टिंग घेणारे एक गृहस्थ बंगलोरहून आले होते. त्यांनी मला पुण्यात गोल्फ खेळायला नेलं. मला पहिल्याच दिवशी वेड लागलं. शिरोलीत आपल्या फाउंड्रीमागे साडेचार एकर पडीक होतं. साच्यांची जळकी काळी वाळू आपण तिथंच टाकायचो. ती सपाट करून वर माती पसरली, गवत लावलं, पन्नास, शंभर, दीडशे आणि दोनशे मीटरवर ऑइलचे रंगवलेले पिंप उभे केले, आणि एका टोकाला पत्र्याखाली पाच मॅट टाकल्या. झाली आपली ड्रायव्हिंग रेंज, लांब बॉल मारायच्या सरावाचं मैदान. एमआयडीसीतले आणखी तिघंचौघं कारखानदार सकाळी सहाला यायला लागले. कामगार गमतीनं म्हणायचे, मालक लोक काठीनं अंडी मारायला लागलेत. पाऊस झाला की खालची काळी वाळू वर यायची आणि बॉल काळे व्हायचे. तू नऊ वर्षांची होतीस. माझ्या कापून आखूड केलेल्या क्लबनं, म्हणजे गोल्फच्या काठीनं, तू जो पहिला बॉल मारलास तो सरळ पन्नासच्या पिंपावर जाऊन वाजला. त्या आवाजानं माझं डोकं फिरलं, असं आता म्हणावं लागतं.

गणपतरावांना मी त्यानंतर आणलं. गारगोटीचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. साहेब लोकांबरोबर खेळून खेळून शिकलेला माणूस, पण शिकवायची हातोटी अशी की ऐकत राहावं. आल्या आल्या त्यांनी माझी शंभर बॉलची बादली बघितली आणि अर्धी रिकामी केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. बॉल मांडायच्या आधी ठिकाण ठरवायचं. मारून झाला की मॅटवरून दोन पावलं मागं यायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा ठिकाण बघायचं, मगच पुढचा. हात दमला की थांबायचं, कारण दमलेल्या हातानं मारलेला प्रत्येक बॉल पुढच्या दिवसाचं नुकसान करतो. "मालक, तुमी बॉल मोजताय. बॉल कुटं गेला त्ये बगा की," असं ते मला सगळ्यांसमोर म्हणाले होते. तू हसलीस. तू त्यांचं तंतोतंत ऐकायचीस. दोन पावलं मागं येताना तुझी वेणी पाठीवर आपटायची, ते मला अजून दिसतं.

मी ऐकलं नाही. मी फाउंड्रीचा माणूस. भट्टी तापली की ती रिकामी ठेवायची नाही, एवढंच मला येत होतं. सकाळचा एक तास हाती होता, सातला पहिल्या पाळीचा भोंगा. त्या तासातली वीस मिनिटं बॉल गोळा करण्यात जायची. बॉल वेचायला ठेवलेल्या तानाबाई आणि धोंडुबाई मैदानात उतरायच्या, गणपतराव पत्र्याच्या खांबावर लाल फडकं चढवायचे, आणि फडकं उतरेपर्यंत प्रत्येकानं क्लब जमिनीवर ठेवायचा, हा त्यांचा नियम. हातात धरायचासुद्धा नाही. माझ्या डोक्यात ती वीस मिनिटं सलायची. शिफ्टमध्ये भट्टी वीस मिनिटं थंड ठेवली असती तर मी सुपरवायझरला घरी पाठवलं असतं.

म्हणून मी दोन सुधारणा केल्या. 'सुधारणा' हा माझा तेव्हाचा शब्द. पहिली म्हणजे बॉलवर रंग. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक हीटच्या, म्हणजे एका वेळच्या ओतकामाच्या, कास्टिंगवर आपण रंगाचा ठिपका देतो, कुठं दोष निघाला तर माल कुठल्या हीटचा ते कळावं म्हणून. तसाच ठिपका मी प्रत्येकाच्या बॉलवर दिला. तुझा निळा, माझा पिवळा. गोळा करताना कुणाचा बॉल कुठं पडला ते तानाबाई सांगायची आणि मी वहीत लिहायचो. दुसरी सुधारणा म्हणजे हेल्मेट. कारखान्यातली दोन हेल्मेटं त्या दोघींना दिली आणि मैदानाचे दोन भाग केले. त्या उजव्या भागात वेचतील, आपण डाव्या भागात मारू. फडकं नको, थांबणं नको. गणपतराव म्हणाले, बॉलला तुमची रेघ कळत न्हाय. मी म्हणालो, म्हणून तर हेल्मेट दिलंय. ते बादल्या भरायला वळले. पगार माझा होता.

हेल्मेटचं एक सांगायला हवं, कारण हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. तानाबाईच्या डोक्याला ते मोठं व्हायचं. वाकलं की डोळ्यांवर यायचं. मग ती ते काढायची, उलटं करायची आणि त्यातच बॉल गोळा करायची, घमेल्यासारखं. मी हे बघितलं होतं. एकदा नव्हे, महिनाभर रोज बघत होतो. इतरांना दाखवून हसलोही होतो.

सत्त्याण्णवच्या जानेवारीतला तो शनिवार. दहा दिवसांवर तुझी पुण्याची ज्युनियर स्पर्धा होती. गणपतराव गारगोटीला लग्नाला गेले होते. बाकीचे कारखानदार लवकर निघून गेले, पत्र्याखाली आपण दोघंच. तू चौथ्या मॅटवर, मी पाचव्या. तुझी पन्नास बॉलची बादली संपली होती. अप्पा, हात दुखतोय, असं तू म्हणालीस. मी आणखी वीस बॉल तुझ्यापुढे ओतले. भोंग्याला अजून वेळ होता आणि तो वाया घालवायचा नव्हता. तुझ्या हातात सेव्हन आयर्न होती, मधल्या अंतराची. माझ्या हातात ड्रायव्हर, सगळ्यात लांब मारणारा. माझा बॉल उजवीकडे वळायचा, ही माझी जुनी खोड. गणपतराव ती वर्षभर काढत होते आणि ती गेली नव्हती. दमल्यावर जास्तच वळायचा. मीही दमलो होतो. दोन पावलं मागं मी कधीच गेलो नव्हतो, त्या दिवशीही गेलो नाही. ठिकाण बघितलं नाही. बादली संपवत होतो.

ओरडणं ऐकू आलं तेव्हा तू पुढचा बॉल मांडून उभी राहत होतीस. धोंडुबाई पळत होती. तानाबाई गुडघ्यांवर बसली होती, हात तोंडावर, आणि शेजारी उलटं हेल्मेट, त्यातले बॉल सांडलेले. तू क्लब टाकलास आणि म्हणालीस, "माझा लागला." प्रश्न नव्हता तो. तू तशीच होतीस. घरात पेला फुटला तरी तू आधी स्वतःचे हात बघायचीस.

मी पळत गेलो. तानाबाईच्या बोटांमधून रक्त येत होतं. तिच्या गुडघ्यापाशी, काळ्या मातीत, एक बॉल पडला होता. त्याच्यावर पिवळा ठिपका होता.

शांभवी, तो मी उचलला आणि पँटच्या खिशात घातला. तानाबाईला उचलायच्या आधी.

ते वाक्य मी तीन वेळा लिहून फाडलं. आता ते जसं आहे तसं राहू दे.

पुढचं तुला आठवतं ते निम्मं. जीपमधून तिला मिरजेला नेलं. दुपारी डॉक्टरांनी डोळा काढावा लागेल म्हणून सांगितलं. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकापाशी शंभरेक माणसं जमली. युनियनवाले होते, तानाबाईचे कोडोलीचे भाऊबंद होते, पोलिसही आले होते. कुणाचा बॉल लागला, एवढाच प्रश्न सगळे विचारत होते. मालकानं बाईमाणसाला मैदानात उभं करून बॉल मारला, असं उत्तर आलं असतं तर काय झालं असतं ते मला समोर दिसत होतं. भट्टी पेटलेली होती. मी म्हणालो, "लहान पोर आहे. तिच्या हातून सुटलं."

गर्दी तिथंच विरघळली. कुणीतरी म्हणालं, पोरीला बिचारीला धक्का बसला असंल. पोलिसांनी वहीत अपघात लिहिला. तेरा वर्षांच्या मुलीवर कोण राग धरणार, हे मी त्या फाटकापाशी उभा राहून नीट मोजून बोललो होतो. घाबरून तोंडातून निघून गेलं, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. घरी आल्यावर तू आईच्या, अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवून विचारलंस, अप्पा, माझाच होता ना? मी म्हणालो, बाळ, अपघात होता तो, विसरून जा. इतकंच. 'हो' म्हणालो नाही, आणि या एका गोष्टीचा आधार मी पुढं किती दिवस धरला म्हणून सांगू.

तुझ्या अव्वानं दुसऱ्या दिवशी विचारलं, ठिपका निळा होता की पिवळा? बॉल सापडला नाही, असं मी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती कधी फाउंड्रीवर आली नाही, आणि दोन हजार तीन साली जाईपर्यंत माझ्या कपड्यांचे खिसे तिनं कधी स्वतः तपासले नाहीत. धुवायला टाकायच्या आधी मला तपासायला सांगायची.

महिनाभरानं रेंज पुन्हा सुरू झाली. तू आली नाहीस. तुझे क्लब पलंगाखाली गेले ते अजून तिथंच आहेत. मी मात्र गेलो. माझ्या बॉलवर मी आता हिरवा ठिपका द्यायला लागलो होतो. पहिल्याच दिवशी गणपतरावांनी बादलीतला एक बॉल उचलला, उन्हात धरला आणि विचारलं, "मालक, रंग का बदलला?" मी म्हणालो, पिवळा डबा संपला. त्यांनी बॉल परत ठेवला, खांबावरचं लाल फडकं सोडवून घडी करून पिशवीत घातलं आणि बस पकडून गारगोटीला गेले. उरलेला पगार न्यायलाही आले नाहीत. दोन हजार एकमध्ये मंदी आली तेव्हा मी रेंज बंद केली. आता तिथं शेड आहे.

तुझ्याबद्दल मी काय लिहू? अकरा वर्षं मी बघतोय. कुणी चावी फेक म्हटलं तर तू उठून हातात नेऊन देतेस. स्कूटर शिकली नाहीस. मागच्या वर्षी सम्राटबरोबर ठरलेलं लग्न तू मोडलंस, तेव्हा त्याच्या आईनं मला फोन करून विचारलं होतं की, मुलीला काही आहे का? ती म्हणते, माझ्या हातून माणसाला इजा होते. मी त्यांना म्हणालो, लहानपणीचा एक धक्का आहे, हळूहळू जाईल. त्या बाई चांगल्या होत्या. खरं सांगायला तेव्हाही वेळ होता.

आणि आता ते, ज्याच्यासाठी एवढं लिहिलं. जानेवारीच्या शेवटी पिराजीनं निरोप दिला की आईनं बोलावलंय, एकट्यानं या. मी कोडोलीला गेलो. ती अंथरुणावर होती, अंगावर गोधडी, आवाज बारीक झालेला. पिराजीला तिनं बाहेर पाठवलं. मग मला म्हणाली, "मालक, त्या दिशी मी वर बगितलं हुतं. दोन्ही डोळं हुतं तवा मला. तुमची पांढरी टोपी आन् खाली आल्याला हात, दोनी दिसलं. पोरगी तर वाकून बॉल मांडत हुती."

मी विचारलं, मग अकरा वर्षं सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "पिराज्याला तुमीच कामावर घेतलंसा न्हवं, त्याच म्हयन्यात. म्या काय बोलायचं? पर पोरीला सांगितलं की. दर दिवाळीला सांगितलं, बाई, तुझा बॉल न्हवता त्यो. तिला वाटायचं मावशी मन राखतीया. रडायची नि पाया पडायची. म्या किती येळा सांगू?" मग पाणी मागितलं. मी पाजलं. गिळता येत नव्हतं, अर्धं उशीवर सांडलं. निघताना ती एवढंच म्हणाली की मी गेल्यावर तरी पोरीला त्या वज्झ्याखालनं काढा, मला वर जाऊन तिच्यासाठी कुणापाशी भांडायचं न्हाय. मी हो म्हणालो. नऊ दिवसांनी ती गेली, आणि त्या नऊ दिवसांत मी तुला चार वेळा फोन केला. चारही वेळा हवापाण्याचं बोललो.

येत्या रविवारी उत्तरकार्याला तू चारचौघांसमोर हात जोडणार आहेस. जोडू नकोस. पिराजीलाही ठाऊक आहे, त्याच्या आईनं जाण्याआधी त्याला सांगितलं. खुर्ची त्यानं मला सगळ्यांपासून वेगळं बसवायला दिली, ते मला घरी आल्यावर कळलं. तू उभी राहिलीस तर तो खाली बघेल आणि सगळं गाव तुझ्याबद्दल हळहळेल, आणि मी खुर्चीवर बसून ते ऐकेन. एवढं सगळं होऊन गेलं तरी ते मी करेन अशी मला भीती वाटते. मी स्वतःला ओळखतो. म्हणून पत्र आधी पाठवतोय. कुरियरवाला म्हणाला, गुरुवारपर्यंत मिळेल. ते तुझ्या हातात पडलं की मला मागे फिरायला जागा उरत नाही. पाकिटाबरोबर एक डबी आहे. बॉल तिच्यात आहे, ठिपका अजून गेलेला नाही. तुझे सगळे निळे होते, तुला आठवेल. गणपतराव सांगायचे तसं या वेळी मी आधी ठिकाण ठरवलंय. रविवारी, सकाळी अकरा वाजता, पिराजीचं अंगण, सतरंजीवर. तू आलीस तर मागे बस आणि ऐक. आली नाहीस तरी मी तिथं असेन. त्यानंतर घरी यायचं की नाही ते तू ठरव. दाराला कडी घालणार नाही.

तुझाच (हा शब्द खोडावासा वाटला तर खोड),
अप्पा